जुन्या गाडीचं वजन उतरवताना या चुका टाळा

ऑफ-रोड ट्रेलला, म्हणजे कच्च्या डोंगरवाटेवर, चिखलात आडवी झालेली मोटरसायकल एकट्याने उचलायची वेळ आली की तिचं खरं वजन कळतं. २०११ मध्ये आलेली हिरोची इंपल्स १३४ किलोची होती. २०१६ मधल्या रॉयल एनफिल्डच्या पहिल्या हिमालयनचं वजन कंपनीने १८२ किलो सांगितलं होतं. हे आकडे नव्या गाडीचे. त्यानंतर आपण हौसेने लावलेले लेगगार्ड, कॅरिअर, टॉप बॉक्सची प्लेट, जादा लाइटी यांची मोजदाद त्यात नाही.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. मुंबईत आपल्यापैकी बहुतेक जण गाडी टेम्पोत घालून कर्जतच्या ट्रेलला नेत नाहीत. जी गाडी सायन-पनवेल हायवेने चालवत नेतो, तिच्यावरच रात्री घरी परततो. त्यामुळे कुठलाही भाग काढण्याआधी तो नेमकं काय काम करतो, हे विचारायलाच हवं.

न मोजता पाना हातात घेणं

सुरुवात वजनकाट्यापासून करा. घरचा बाथरूम काटाही चालतो. पुढचं चाक काट्यावर आणि मागच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची फळी, मग उलट. दोघांनी गाडी सरळ धरायची, तिसऱ्याने आकडा वाचायचा. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे गाडीचं वजन. काढलेला प्रत्येक भाग ताणकाट्याला अडकवून वहीत लिहा. काय काढून फायदा झाला आणि काय उगाच काढलं, ते या वहीतच दिसतं.

पहिला नंबर नंतर लावलेल्या सामानाचा आणि दुसरा पेट्रोलचा. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे १५ लिटरची टाकी काठोकाठ भरली तर अकरा किलो, तेही गाडीच्या वरच्या भागात. कर्जतच्या दिवसभराच्या फेरीला आठ लिटर घेऊन निघा, लागलंच तर वाटेत भरा. पाच किलो फुकटात कमी झाले! उंचावरचं आणि टोकाचं वजन आधी काढायचं, त्याचं कारण सोपं आहे. हँडलजवळचा एक किलो गाडी पाडतो, इंजिनखालचा तेवढा जाणवतही नाही. म्हणून सम्प गार्डला, म्हणजे इंजिनखालच्या ढालीला, हात लावू नका. मुरबाडकडच्या ओढ्यातल्या दगडांपासून इंजिनाला तोच वाचवतो.

फ्रेमवर कटर चालवणं

ही चूक मी केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सीटखालच्या सबफ्रेमचं (सीट ज्यावर बसते त्या नळ्यांच्या सांगाड्याचं) मागचं टोक मी कापून घेतलं. जेमतेम अर्धा किलो वाचला आणि गाडी मागून सुटसुटीत दिसू लागली. तिसऱ्या ट्रेलला सीटखालून कुरकुर येऊ लागली. सीट काढली तेव्हा डाव्या नळीवर, वेल्डिंगच्या अगदी कडेला, केसासारखी काळी रेघ दिसली. बोटाने दाबलं की रेघ उघडायची, सोडलं की मिटायची. कापलेला तो तुकडा डाव्या-उजव्या नळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवत होता. तो गेल्यावर प्रत्येक नळी वेगळी हलू लागली आणि सगळा ताण जोडावर आला. पट्टा आवळून, अगदी हळू चालवत मी घरी आलो.

तेव्हापासून एकच पथ्य पाळतो. बोल्टने बसलेलं काढायचं, वेल्ड केलेलं नाही. फ्रेमला भोकं पाडणं, एक्सल किंवा ब्रेक कॅलिपरला अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट लावणं, हेही याच जातीचं. तिथे पोलादच हवं.

साडीगार्ड, मागे बसणाऱ्याची पकड आणि त्याचे फूटरेस्ट नियमाने लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. त्यामुळे हे भाग काढून माळ्यावर टाकू नका.

सायलेन्सर बदलून मोकळं होणं

जुना सायलेन्सर जड असतो, हे खरं. पण नुसता पोकळ पाइप लावला तर आवाजाबद्दल पोलीस अडवतात, आणि गावातल्या लोकांना त्रास झाला की पुढच्या वेळी ती वाट आपल्या सगळ्यांसाठीच बंद होते. कार्बोरेटरच्या गाडीत हवा वाढून पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच फट-फट वाजणं, इंजिन नेहमीपेक्षा तापणं, प्लगचा चिनी मातीचा भाग पांढराफटक दिसणं, या त्याच्या खुणा. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा छिद्राचा भाग, बदलण्याआधी सायलेन्सरच्या जोडाचं गॅस्केट बघा. तिथून हवा शिरली तरी तशीच फट-फट होते. गॅस्केट धड असेल तरच मोठ्या जेटचा विचार करा.

लिथियम बॅटरी डोळे मिटून बसवणं

शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियम घेतली तर दोनेक किलो सहज कमी होतात, पण जुन्या गाडीचा रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीकडे जाणारी वीज आवरणारा भाग, थकलेला असू शकतो. इंजिन गरम झाल्यावर पाच हजार आरपीएमच्या आसपास मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावा. साडेचौदा व्होल्टच्या वर आकडा चढत असेल तर आधी रेक्टिफायर बदला, नाहीतर नवी बॅटरी फुगेल. बल्ब वारंवार उडत असतील तर ही तपासणी आजच करा.

हलकी झाल्यावर सस्पेन्शन तसंच ठेवणं

दहा-बारा किलो कमी झाले की मागची स्प्रिंग त्या गाडीला कडक पडते. मग दगडावर मागचं चाक उसळतं, चढावर जागीच फिरतं, आणि दोष टायरला दिला जातो. पूर्ण पेहरावात गाडीवर बसा आणि सस्पेन्शन किती दबतं ते सोबत्याला मोजायला सांगा. एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबायला हवं. कमी दबत असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, सैल करा. पातळ ट्यूब घालून वजन वाचवायला मात्र जाऊ नका. ऑफ-रोडला हवा कमी केल्यावर रिम आणि दगडाच्या मध्ये ती चिमटून फाटते.

पंप, पॅच, ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि एक्सलचा पाना यांचं वजन कमी करण्याच्या यादीत नावच नको. भीमाशंकरच्या पायथ्याला रविवारी संध्याकाळी पंक्चरवाला सापडत नाही.

इतकं करूनही चढावर गाडी जड वाटत असेल, तर पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एक दात लहान लावून बघा. वजन तेवढंच राहील, पण कमी वेगात क्लच घासावा लागणार नाही. हायवेवर इंजिन जास्त फिरेल, तेवढं सोसावं लागतं.

काम संपल्यावर हात लागलेल्या प्रत्येक नटावरून बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. पहिल्या फेरीत खारघरला चहाला थांबाल तेव्हा गाडीभोवती वाकून एक चक्कर मारा. जिथे रेघ तुटलेली दिसेल, तो नट फिरला आहे. तिथेच पाना काढून आवळा.