फोर-के आणि फुल एचडी एकाच टाइमलाइनवर

लग्नाच्या व्हिडिओत कॅमेऱ्याचं फुटेज फोर-के, मोबाइलचं फुल एचडी आणि मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप त्याहून लहान, असं हमखास होतं. टाइमलाइनचा, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीचा, चित्र-आकार आधी स्वतः ठरवा, पहिल्या क्लिपवरून सॉफ्टवेअरला ठरवू देऊ नका. घरी बघायच्या व्हिडिओला १९२० × १०८०, म्हणजे फुल एचडी, पुरतं.

प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ३८४० × २१६० ची (फोर-के) क्लिप अशा सिक्वेन्सवर, म्हणजे टाइमलाइनवर, टाकली की बहुधा फक्त मधला भाग दिसतो. क्लिपवर उजवं क्लिक करून ‘सेट टू फ्रेम साइज’ निवडा. स्केल (मूळ आकाराची टक्केवारी) ५० होतो, पण मूळ पिक्सेल शाबूत राहतात. सप्तपदीच्या वेळी नवरीच्या चेहऱ्यावर झूम करत स्केल १०० पर्यंत नेला तरी चित्र स्वच्छ. ‘स्केल टू फ्रेम साइज’ मात्र टाळाच. तो क्लिप आधीच १०८० ला उतरवतो, स्केल १०० दाखवतो आणि झूम केलं की चेहरा धूसर होतो. आवृत्तीनुसार मेन्यूतली नावं बदलली असतील तर स्केलचा आकडा बघा. ५० दिसला की बरोबर.

व्हॉट्सअ‍ॅपची क्लिप ताणत बसू नका. मावशीकडून मूळ फाइलच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.