पिप नाकारलं? ट्रायब्युनलसमोर उत्तरं अशी द्या

सोपं आधी उरकू. इंग्लंड-वेल्समध्ये पिप, म्हणजे पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट हा अपंगत्वाचा सरकारी भत्ता, नाकारला गेला की महिन्याभरात ‘मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागा. तिथेही नकार आला तर पुढच्या महिन्याभरात ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करा, ऑनलाइन किंवा छापील फॉर्म भरून. फी नाही, वकील लागत नाही. मराठी दुभाषा हवा असेल तर अपिलातच लिहा. तो मोफत मिळतो. मुलाला दुभाषा करू नका, साक्षीदार म्हणून न्या. आणि निव्वळ कागदांवरून निकाल मागू नका, सुनावणीच मागा. मात्र थोडी रक्कम आधीच मंजूर असेल तर अपिलापूर्वी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेशी बोला, कारण ट्रायब्युनलचं पॅनल ती कमीही करू शकतं.

आता खरी अवघड गोष्ट. समोर न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाचा जवळून अनुभव असलेले सदस्य बसतात. डॉक्टर विचारतात, “स्वयंपाक करता का?” आणि आपल्या काकू सावरून बसत म्हणतात, “हो, करते की!” हातातलं अपील इथेच जातं. परक्यासमोर दुखणं उगाळायचं नाही ही आपली सवय मी सुनावणीत वारंवार पाहिली आहे आणि दर वेळी जीव तुटतो.

नियमाप्रमाणे एखादं काम ‘जमतं’ केव्हा? ते सुरक्षितपणे, नीट, लागेल तितक्या वेळा आणि निरोगी माणसाच्या फार तर दुप्पट वेळात करता आलं तर. यातलं एक जरी हुकलं तरी ते काम जमत नाही असंच धरतात. ही अडचण निम्म्याहून जास्त दिवस असायला हवी. म्हणून नुसतं ‘हो’ म्हणून थांबू नका. “कांदा चिरताना सुरी निसटते, मग अर्धा तास पडून राहावं लागतं, आठवड्यातले चार-पाच दिवस हेच करतात सगळं,” असं सविस्तर सांगा. पिप ठरतं ते रोजच्या कामांतल्या अडचणींना मिळणाऱ्या गुणांवर: स्टुलावर बसल्याशिवाय स्वयंपाक होतच नसेल तर 2 गुण, कुणी शेजारी उभं राहावंच लागत असेल तर 4. दैनंदिन कामांचे मिळून 8 गुण झाले की साधा दर लागू होतो, 12 झाले की वाढीव. गुण आजाराच्या नावाला नसतात, त्यामुळे निदानाच्या कागदांचा गठ्ठा नेऊन भागत नाही. दोन आठवड्यांची रोजनिशी लिहा: काय अडलं, कोणी मदत केली, नंतर किती त्रास झाला.

“रडून सांगा, वाढवून सांगा” हा सल्ला फार फिरतो. तो ऐकू नका. “मला चालताच येत नाही” म्हणालात की पुढचा प्रश्न येतो, “मग बसस्टॉपपासून इथवर कशा आलात?” त्यानंतर तुमच्या खऱ्या उत्तरांवरही विश्वास बसत नाही. बरा दिवस कसा जातो आणि वाईट दिवस कसा, दोन्ही सांगा.

पॅनल फक्त मूळ निर्णयाच्या तारखेची तुमची अवस्था बघतं. तब्येत त्यानंतर बिघडली असेल तर ते या अपिलात धरत नाहीत.

हरलात तर महिन्याभरात निकालाची लेखी कारणं मागवा. अप्पर ट्रायब्युनलकडे, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणाकडे, फक्त कायद्याच्या चुकीवरून जाता येतं, आणि ती चूक त्या कारणांतूनच शोधावी लागते.