बाळंतीण घरी यायच्या आधी: तान्ह्याच्या अंथरुणाची तयारी

लेक बाळंतपणाला माहेरी आली की आमच्या खानापूर-निपाणीकडच्या घरांत डिंक, आळीव, बाळंतशेपा आणायची घाई सुरू होते. ते आणाच. तान्ह्याच्या झोपायच्या जागेची तयारी मात्र आणण्यापेक्षा काढून ठेवण्याची आहे. धडधाकट बाळ झोपेतच जातं आणि तपासणीतही कारण सापडत नाही, याला डॉक्टर सडन इन्फंट डेथ सिंड्रोम म्हणतात. वर्षाच्या आत हा धोका असतो, दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वांत जास्त. तो पुरता टळत नाही, पण कमी नक्की करता येतो.

सगळ्यात आधी मोहरीची उशी काढा. डोकं गोल व्हावं म्हणून आजी ती हौसेनं शिवते, पण वर्षाच्या आत उशी नकोच. डोक्यासाठी जागेपणी, समोर कुणी बसलेलं असताना, बाळाला थोडा वेळ पालथं घाला आणि झोपवताना मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवा. वाकळ, लोड, कापडी बाहुल्याही बाजूला. गादी अंगठ्यानं दाबून बघा. खड्डा पडून राहिला तर ती मोठ्यांना द्या. बाळाला सपाट, घट्ट गादी आणि ताणून बसवलेली चादर पुरते.

झोपवायचं उताणं, दिवसा आणि रात्रीही. दूध वर येऊन घशात अडकेल ही भीती प्रत्येक घरात निघते. पण उताण्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच राहतं. पालथं घातलं की उलट होतं. कुशीवरचं बाळ घरंगळून पालथं होतं, म्हणून तेही नको. अमेरिकेत 1994 साली उताणं झोपवण्याची मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. उताणं झोपायची सवय असलेल्या बाळाला एखाद्याच दुपारी पालथं झोपवणं तर जास्तच धोक्याचं, म्हणून न्हाऊ घालणाऱ्या मावशींपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

मग धूर. पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, शेक-शेगडी खोलीत येते आणि वारं लागू नये म्हणून दार बंद होतं. कोंडलेल्या खोलीत जळत्या कोळशाचा विषारी वायू साठतो, बाळंतिणीलाही तो मारक आहे. शेगडी बाहेर, आणि बाळाला ओव्याची धुरीही नको. विडी-सिगारेट तर घरातच नको. निपाणी भागात विड्या वळणं पोटापाण्याचं काम आहे, तेव्हा निदान तंबाखूची सुपं बाळाच्या खोलीबाहेर हलवा. गरोदरपणात मिश्रीही सोडायला हवी. तिच्यातलं निकोटीन पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

झोपताना टोपडं काढा. हातपाय गार लागले म्हणून दुपट्यांवर दुपटी चढवू नका. मानेच्या मागे हात लावा, घाम असेल तर एक कपडा कमी करा. काळा दोरा बांधायचाच तर पायात, गळ्यात नाही.

निदान सहा महिने बाळ आईच्याच खोलीत, हात पोचेल इतकं जवळ, पण वेगळ्या अंथरुणावर झोपू द्या. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून डोळा लागला की उचलून गादीवर ठेवा. सोफ्यावर बाळाला घेऊन कुणीही डुलकी काढायची नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला हे सगळं जास्तच काटेकोरपणे.

अंगावरचं दूध आणि वेळेवर लसी, दोन्हींनी धोका कमी होतो. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. पहिल्याच भेटीत त्यांना झोपायची जागा दाखवा. बाळ निळं पडलं, उठवून उठेना, तर 108 लावा.

बाळ कूस बदलायची चिन्हं दिसली की दुपट्यात गुंडाळणं बंद. दोन्हीकडे आपलं आपण वळायला लागलं की झोपवताना उताणंच ठेवा. मग झोपेत ते स्वतः पालथं झालं तर रात्रभर उठून उलटत बसायची गरज नाही.