जुन्या वॅगनआरचे मागचे बुश बदलताय? या चुका टाळा

नवे बुश, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल बॉडीला जोडणाऱ्या दांड्यांच्या (आर्मच्या) टोकांतले रबरी सांधे, टाकून वर्षही झालं नाही आणि मागून पुन्हा खटखट सुरू झाली, तर बुशला शिव्या देण्याआधी ते आवळताना गाडी कशी उभी होती ते विचारा. माझ्या २००७ च्या वॅगनआरचं असंच झालं. गॅरेजमध्ये बुश बदलून घेतले, एक पावसाळा गेला आणि गतिरोधकावरून उतरताना तोच जुना आवाज. शेवटी मीच आर्म उतरवून पाहिला. दोन्ही बाजूंच्या बुशचं रबर एकाच दिशेला, एकाच ठिकाणी फाटलेलं. वयाने झिजलेलं रबर चहूबाजूंनी तडकतं. हे पिळून फाटलं होतं.

तेव्हापासून घरच्या आणि मित्रांच्या जुन्या गाड्यांचं हे काम मी स्वतः करतो. जे चुकताना पाहिलं, आणि जे माझ्या हातूनही चुकलं, ते इथे लिहितोय.

आवाज बुशचाच आहे ना?

मागून आवाज आला की बुश बदलायचे, असं करू नका. सायलेन्सरचं टांगतं रबर, शॉकअपचं वरचं रबर, डिकीतला जॅक, सैल झालेली स्टेपनी, या सगळ्यांचा आवाज जवळपास सारखाच येतो. आधी डिकी पूर्ण रिकामी करून एक फेरी मारा. मग कोणाला तरी गाडी हळू पुढे-मागे घेऊन ब्रेक मारायला सांगा आणि तुम्ही बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं राहून मागच्या चाकाकडे बघा. ब्रेक लागताच चाक मडगार्डच्या मानाने पुढे-मागे सरकताना दिसलं, तर ट्रेलिंग आर्मचे, म्हणजे अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, बुश गेलेत. गाडी वळणावर मागून आडवी डुलत असेल, तर अ‍ॅक्सलला आडव्यात धरून ठेवणारा लॅटरल रॉड बघा. त्याच्या दोन टोकांचे बुश स्वस्त असतात आणि नेमके तेच विसरले जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक: चाकं लोंबकळत असताना आवळणं

रबर बुशमध्ये काय असतं ते एकदा नीट बघा. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, आणि मध्ये दोन्हीला पक्कं चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये धरली जाते, मग ती फिरत नाही. बाहेरचं कडं आर्मसोबत फिरतं. म्हणजे खड्ड्यात चाक वर-खाली झालं की मधलं रबर पिळतं आणि परत जागेवर येतं. सरकणारं, घासणारं त्यात काहीच नसतं.

आता गाडी जॅकवर आहे, मागची चाकं खाली लोंबकळतायत, आर्म पूर्ण खाली झुकलाय आणि अशा वेळी तुम्ही बोल्ट कचकचून आवळला. रबरासाठी तीच विश्रांतीची जागा ठरली. गाडी जमिनीवर टेकली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहतं. रात्री पार्किंगमध्येसुद्धा. वर खड्डा आला की आणखी पीळ. असं रबर किती टिकणार?

डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपी गोष्ट करा. नवा बुश आर्ममध्ये बसवल्यावर, आर्म गाडीला लावण्याआधी, आतल्या नळीच्या कडेपासून रबरावरून आर्मच्या डोळ्यापर्यंत (बुश बसतो त्या गोल कड्यापर्यंत) व्हाइटनरने एक सरळ रेघ ओढा. बोल्ट लोंबकळत्या स्थितीत आवळलेला असेल, तर गाडी खाली घेतल्यावर ती रेघ तुटलेली दिसते. नळीवरचा तुकडा एकीकडे, डोळ्यावरचा दुसरीकडे. बरोबर आवळलेल्या गाडीत, ती आपल्या चाकांवर उभी असताना, रेघ सरळच असते. मी प्रत्येक गाडीवर ही रेघ ओढतो.

म्हणून सगळे बोल्ट आधी फक्त हाताने, नट टेकेपर्यंत लावा. मग गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मागून दाबून दोन-चारदा उसळवा आणि त्यानंतरच शेवटचं आवळणं. खाली शिरायला जागा हवी म्हणून जुन्या गॅरेजांमधला पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहायचा खड्डा, या कामाला फार चांगला. पिट नसेल तर अ‍ॅक्सलखाली जॅक लावून तो हळूहळू वर घ्या. बॉडी तिच्याखाली लावलेल्या जॅक-स्टँडवरून जेमतेम उचलायला लागली की स्प्रिंगवर गाडीचं वजन आलं असं धरा. तिथेच आवळा. डिकीत कायमची सीएनजीची टाकी असेल तर ती जागेवर असतानाच हे करा, कारण तुमच्या गाडीची रोजची उंची तीच आहे.

उचलताना

मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग राहत नाही, तो मागच्याच चाकांना लागतो. पुढची चाकं जमिनीवर आहेत, तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी गुटके लावा. बॉडीखाली दोन स्टँड, अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक. नुसत्या गाडीसोबत आलेल्या जॅकवर खाली शिरू नका. विटांवर तर मुळीच नको, वीट इशारा न देता फुटते.

दोन्ही बाजूंचे आर्म एकदम सोडू नका. एक बाजू पूर्ण करा, नट हाताने लावा, मग दुसरी. नाहीतर अ‍ॅक्सल सरकतो, बोल्टची भोकं जुळत नाहीत आणि ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो. ती नळी लोंबकळू द्यायची नाही, हे सतत डोक्यात ठेवा.

बोल्ट गंजून अडकला तर

आमच्या कोकणात बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. नट सुटतो, बोल्ट हलत नाही. इथे घाई नडते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. ठोकायचं असेल तर नट बोल्टच्या टोकाच्या पातळीत येईपर्यंत परत चढवून त्यावर ठोका, म्हणजे आटे वाचतात. तरीही नाही निघाला तर बुशच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट कापून टाका. आर्म आणि ब्रॅकेट वाचवायचेत, बोल्ट नवा मिळतो.

गॅसची बत्ती लावून जुनं रबर जाळून काढणारे लोक मी पाहिलेत. पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते, डिकीत सीएनजी असेल तर बोलायलाच नको, आणि त्या धुराने छाती भरते. असं करू देऊ नका, मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी.

बसवताना

बुश हातोड्याने ठोकून बसवला की बाहेरचं कडं चेपतं आणि तो तिरका जातो. आर्म उतरवून लेथवाल्याकडे न्या, प्रेसवर पाच मिनिटांचं काम आहे. जोर फक्त बाहेरच्या कड्यावर यायला हवा. आतल्या नळीवर दाब दिला तर चिकटवलेलं रबर तिथेच सुटतं, वरून काही कळतही नाही. बुश किती आत जातो ते जुना काढण्याआधी मोजून ठेवा. नवा बुश हाताने सहज आत सरकला, तर माप चुकलंय किंवा आर्मचा डोळा मोठा झालाय. तसाच लावू नका.

रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याने ते फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं.

पॉलियुरेथेनचे कडक बुश 'लाइफटाइम' म्हणून विकले जातात. रोजच्या घरच्या गाडीत मी ते घालत नाही. आवाज आणि हादरे आत येतात, आणि एक चाक वर, एक खाली अशी वेळ आली की दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर असलेल्या या रचनेत आर्मला थोडं वेडंवाकडं व्हावंच लागतं. ते रबर होऊ देतं.

टॉर्शन बीमच्या गाड्यांत (मागची चाकं एका पिळू शकणाऱ्या आडव्या बीमने जोडलेल्या), म्हणजे २००५ नंतरच्या स्विफ्टसारख्या, बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असू शकतात. त्यांची दिशा ठरलेली असते. जुना काढण्याआधी फोटो घ्या आणि आर्मवर खूण करा.

नट सेल्फ-लॉकिंग (आपोआप सैल न होणारा) असेल तर जुना परत वापरू नका. किती जोराने आवळायचं तो आकडा (टॉर्क) तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पान्यानेच आवळा. शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर, गाडी चाकांवर उभी असताना, सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासा आणि टॉर्च मारून ती व्हाइटनरची रेघ बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट तिथेच, गाडी उभी असतानाच सैल करा, मागून दोनदा दाबा आणि पुन्हा आवळा.