उभा व्हॅक्यूम माती उचलत नसेल तर

मोटर घोंघावतेय, पण गालिच्यातली माती तशीच? आधी प्लग काढा, मशीन उलटं करा, ब्रश फिरवणारा रबरी पट्टा सोडवून ब्रशचा रोलर बोटाने फिरवा. जड फिरला तर टोकांना केसांचे वेढे बसलेत. कात्रीने कापून ओढून काढा, नाहीतर बेअरिंग (रोलरचं टोक ज्यात फिरतं तो भाग) तापून भोवतीचं प्लास्टिक वितळतं. हवेत फिरणारा ब्रश गालिच्यावर टेकताच थांबत असेल तर रबरी पट्टा ताणून सैल झालाय. तो बदलाच, गाठी मारत बसू नका. ब्रशची उंची त्याची टोकं गालिच्याच्या लोकरीला जेमतेम टेकतील इतकीच ठेवा. जळक्या रबराचा वास आला म्हणजे ब्रश फार खाली गेला. धुतलेला फोम फिल्टर एरवी 24 तासांत वाळतो, कोल्हापुरात जुलैच्या झडीत मात्र दोन दिवस पंख्याखाली राहू द्या. दमट बसवला की त्यावर धुळीचा चिखल!