कुरुपावर आयुर्वेदिक उपचार करताय? या चुका टाळा

पायाचं कुरूप (कॉर्न) काढलं, डागलं आणि काही आठवड्यांत तिथंच पुन्हा आलं, ही नेहमीची तक्रार. मग दोष औषधाला दिला जातो. पण एकाच जागी सतत दाब आणि घर्षण होत राहिलं की त्वचा जाड होते, तिचा मधला कठीण भाग खिळ्यासारखा आत रुततो. सुश्रुतसंहितेत याला ‘कदर’ म्हणतात आणि कारणांत पायाला टोचणारे खडे-काटे येतात. निदानपरिवर्जन, म्हणजे कारण दूर करणं, हा चिकित्सेचा सार याच ग्रंथाने सांगितला. म्हणून सर्वांत मोठी चूक एकच: पुढून निमुळती किंवा कडक तळाची चप्पल तशीच वापरत उपचार करत राहणं.

दुसरी चूक ओळखण्यातली. तळपायाची चामखीळ पुष्कळदा कुरूप समजली जाते. कुरूप सरळ वरून दाबलं की जास्त दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसू शकतात, त्वचेच्या रेषा तिथे तुटतात. शंका असेल तर घरचे प्रयोग थांबवा, कारण चामखीळ विषाणूमुळे होते आणि खरवडल्याने पसरते.

आता बिब्बा. ‘बिब्ब्याचा चटका द्या, मुळापासून जातं’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. बिब्ब्याचं तेल कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी फोड येतात, खाज सुटते, हाताला लागलेलं तेल चेहऱ्यापर्यंत पोचतं. लागलंच तर लगेच साबणाने धुवा, फोड फोडू नका, वैद्यांना किंवा डॉक्टरांना दाखवा. रुईचा आणि निवडुंगाचा चीकही दाहक आहे. डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

अग्निकर्म हा यावरचा शास्त्रोक्त उपाय. वैद्य आधी कठीण थर काढतात, मग तापलेल्या शलाकेने (धातूच्या सळईने) नेमका तेवढाच भाग डागतात आणि त्यावर मध-तूप किंवा कोरफडीचा गर लावतात. घरी सुई किंवा उदबत्तीने हे करू नका. पित्तप्रकृतीच्या व्यक्तींना अग्निकर्म वर्ज्य आहे आणि शरद व ग्रीष्म ऋतूंत ते एरवी टाळायला सांगितलं आहे, हेही वैद्यांशी बोला.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर ब्लेड, चीक, डाग, बाजारातली सॅलिसिलिक ॲसिडची कॉर्न कॅप, काहीही स्वतःहून वापरू नका. भाजलेलं जाणवत नाही आणि जखम चिघळल्यावरच कळतं.

डागल्यानंतर जखम कोरडी ठेवा, त्या जागेवर भार येणार नाही अशी मऊ पादत्राणं घाला. लाली वाढत गेली, पू आला किंवा ताप आला तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.