घरातल्या अत्याचारानंतर समुपदेशनात नियम कसे ठरवावेत

मोठ्या मुलाने धाकट्या भावंडावर लैंगिक अत्याचार केल्याचे उघड झाले, की 'घर पूर्वीसारखे करून द्या' ही पालकांची समुपदेशकाकडे पहिली मागणी असते. त्याआधी कायदा येतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे आणि समुपदेशकही त्याला अपवाद नाही. म्हणून गुप्ततेचे वचन त्याच्याकडे मागू नये. मोठा मुलगा अठरा वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

सुरुवातीचे काही महिने त्याने दुसरीकडे राहणे उत्तम, मात्र त्या घरात लहान मुले नसावीत आणि तिथल्या मोठ्यांना सर्व माहीत असावे. ते शक्य नसेल, तर नियम समुपदेशकासमोर लिहून काढावेत आणि प्रत्येक नियमाची अडचण कोणाला सोसावी लागते, हे तपासावे. 'धाकटीने शाळेतून आल्यावर शेजारी बसावे' हा नियम सोयीचा वाटतो, पण त्यात जिच्यावर अन्याय झाला तीच घराला मुकते. त्याऐवजी असे लिहावे: 'आई सातला घरी येईपर्यंत दादा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत थांबेल, आईला उशीर झाला, तरी तिचा फोन येईपर्यंत तो निघणार नाही.' आजी घरात असतात, हे उत्तर पुरेसे नाही. ज्यांना काहीच सांगितलेले नाही आणि ज्या दुपारी झोपतात, त्यांच्या असण्याला देखरेख म्हणता येत नाही.

'नीट वागायचे' असले मोघम वाक्य लिहू नये. कोण कुठे झोपणार, न्हाणीघराची कडी दुरुस्त कधी होणार, दोघांत खासगी मेसेज चालणार का, हे स्पष्ट हवे. एकच बेडरूम असेल, तर मोठ्याने बाहेरच्या खोलीत वडिलांजवळ झोपावे. नियम पाळले जातात की नाही, हे पाहणे पालकांचे काम आहे. ते धाकटीवर टाकू नये.

सर्वांत जास्त कसोटी लागते ती सणांच्या दिवसांत. भाऊबीजेचे काय करायचे, हे दिवाळीच्या बरेच आधी ठरवावे, कारण ओवाळणीचे ताट हातात दिल्यावर चार नातेवाइकांपुढे 'नको' म्हणणे मोठ्यांनाही जड जाते. 'यंदा आमच्याकडे ओवाळणी नाही' एवढेच वडिलांनी सांगावे. कारण सांगण्याची गरज नाही, आणि मुलीची ओळख जपण्यासाठी ते सांगूही नये.

दोघांचे समुपदेशक वेगळे असावेत. एकत्र बैठक धाकटीचा समुपदेशक तिची तयारी आहे असे म्हणेल तेव्हाच व्हावी. मोठ्याने लिहिलेले माफीचे पत्र आधी समुपदेशकांनी वाचावे; त्यात 'तूही काही बोलली नाहीस' असा सूर असेल, तर ते परत लिहायला द्यावे. पत्र ऐकल्यावर क्षमा केलीच पाहिजे, असे तिला कोणीही सुचवू नये, आणि बैठक मध्येच थांबवण्याची मुभा तिला असावी.

'त्याचे बारावीचे वर्ष आहे' हे नियम सैल करण्याचे कारण नव्हे, जरी आपल्याकडे ते हमखास पुढे केले जाते. सैल करायचेच असेल, तर एका वेळी एकच नियम, दोन्ही समुपदेशकांच्या संमतीने आणि धाकटीला एकटीला विचारून. नियम मोडला गेल्याने ती पुन्हा धोक्यात आली, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) वर फोन करावा.